न्हाणीघर महामंडळ

सासूबाईंना दवाखान्यातून शनिवारी घरी सोडणार होते, आणि घरातलं एकुलतं एक न्हाणीघर वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या चढून गेल्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "खुब्याचं हाड छान जुळतंय. पण तीन महिने जिना नाही. एक पायरीसुद्धा नाही." सुनेने मान हलवली आणि घरी येऊन जिन्यामागच्या अडगळीच्या खोलीचं माप घेतलं. चार फूट बाय सात. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ती कामाला होती. एवढ्या जागेत काय काय बसतं हे तिने झोपेतही सांगितलं असतं. जागा होती, प्लंबर ओळखीचा होता, हातात बारा दिवस होते. पैसे तेवढे नव्हते, आणि कर्ज काढायच्या आड घराची घटना येत होती.

घटना म्हणजे अगदी खरोखरची घटना. सासरे राज्याच्या विधी खात्यातून निवृत्त झालेले. पूल, रस्ते, धरणं बांधायला राज्य सरकार महामंडळं काढतं; ती किती कर्ज काढू शकतात आणि राज्यघटना त्यांचा हात कुठे धरते, हे तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. भल्याभल्या मंत्र्यांच्या फायली त्यांनी एकाच शेऱ्याने परत पाठवल्या होत्या: 'जे राज्याला करता येत नाही, ते राज्याने जन्माला घातलेल्या लेकराला कसे करता येईल?' कचेरीत त्यांना 'कलमकाका' म्हणत. जेवणाच्या टेबलामागे त्यांच्या सुवाच्य अक्षरात घराची घटना काचेत लावलेली होती. तिचं सातवं कलम: 'हे घर कर्ज काढणार नाही व कोणास जामीन राहणार नाही. सर्व प्रौढ सदस्यांनी याच टेबलाशी बसून एकमत केले तरच अपवाद.'

"मग बसू या की सगळे, बाबा," सून म्हणाली.

"सगळे म्हणजे तुझ्या सासूबाईसुद्धा."

"त्या दवाखान्यात आहेत!"

"म्हणूनच गणपूर्ती नाही."

"टेबल तिकडे नेऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"तिथे एका वेळी दोघांनाच सोडतात, दादा," नणंद म्हणाली. "पाळीपाळीने एकमत करावं लागेल."

सासरे हसले नाहीत. त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली आणि विषय संपला.

सुनेचा नव्हता संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. 'न्हाणीघर महामंडळ. अध्यक्ष सून, सदस्य नणंद. उद्देश एकच: खालच्या मजल्यावर एक न्हाणीघर बांधणे. कर्ज महामंडळ काढील, अध्यक्षांच्या कचेरीतल्या पतपेढीतून. फेड वापरणाऱ्यांच्या शुल्कातून. घराचा पैसा नाही, घराची हमी नाही.'

सासऱ्यांनी तो तीनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. चहावर साय आली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. रोज जेवताना."

"लेकरू स्वतःच्या कमाईवर उभं राहणार असेल तर माझी हरकत नाही," ते म्हणाले आणि मिशीतलं हसू लपवायला कप तोंडाला लावला. "पण प्रत्येक कागदावर ठळक लिहायचं: हे घराचे कर्ज नाही. आणि उद्या महामंडळ बुडालं, तर घर काठावरून बघत राहील."

"बघू द्या. मला पोहता येतं," सून म्हणाली.

कमाईचा हिशेब मात्र थोडा नाजूक होता. सासूबाईंकडून शुल्क घ्यायचं नाही असं तिने मनाशी ठरवलंच होतं. खात्रीचं गिऱ्हाईक उरलं एकच, नवरा. तो अंघोळीला शिरला की चाळीस मिनिटं गात बसायचा. "आपलं सगळं महामंडळ दादाच्या अंघोळीवर उभं आहे," नणंद म्हणाली. "दादा, तू जरा ताना लांबव."

सासऱ्यांनी भाडेपट्टा स्वतः लिहून दिला. न लिहून कसं चालेल? खोली घराची, न्हाणीघर महामंडळाचं. हद्द त्यांनी इंचाइंचाने आखली: पूर्वेला जिना, पश्चिमेला 'स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीच्या मध्यापर्यंत'. सुनेने तो पट्टा फाइलीत लावला आणि मनातल्या मनात म्हातारबुवांना हात जोडले. एवढ्याशा खोलीसाठी एवढं नीट कोण लिहितं?

शुक्रवारी सकाळपर्यंत सगळं बिनबोभाट झालं. फरशी बसली, कमोड बसला, धरायला दांडी लागली. शेवटचं भोक पाडायला प्लंबरने सामाईक भिंतीवर छिन्नी ठेवली, हातोडा हाणला, आणि भिंतीतून पाण्याचा फवारा थेट त्याच्या तोंडावर आला. मुख्य नळ बंद करावा लागला. घर कोरडं ठणठणीत. वरचं गाणं मध्येच थांबलं आणि नवरा अंगभर साबण घेऊन जिन्यात येऊन उभा राहिला.

"कोणी केलं हे?"

"महामंडळाने," सासरे म्हणाले.

"दहा मिनिटांचं काम आहे, काका," प्लंबर तोंड पुसत म्हणाला. "नवा तुकडा टाकतो, जोड बसवतो. बिल कुणाच्या नावावर करू?"

इथे सगळं अडलं. सासऱ्यांनी फूटपट्टी आणली, भिंत मोजली, पाइप मोजला. पाइप भिंतीच्या बरोबर मध्यातून जात होता. "अर्धा घराचा, अर्धा महामंडळाचा," त्यांनी निकाल दिला. "महामंडळाच्या चुकीचा खर्च घराने उचलला, तर मागच्या दाराने हमी दिल्यासारखं होतं. आणि घराच्या पाइपावर महामंडळाने खर्च केला, तर ते उद्देशाबाहेर जातं. दोन बिलं कर."

"बरं, दोन करतो."

"आणि घराचा अर्धा आधी बसव. त्याची पावती झाली की मग महामंडळाचा."

प्लंबरने पाइपाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "काका, पाइप अर्धा बसत नाही हो."

"तो तांत्रिक प्रश्न झाला."

"मग तो तुम्हीच सोडवा," असं म्हणून प्लंबर तडकला आणि पाना, जोड, तुकडा तिथेच टाकून चालता झाला.

दिवसभर घराची वरात शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे. खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी. पहिल्यांदा नवरा, मग नणंद, आणि दुपारी खुद्द घटनाकार. शिक्षिकाबाईंनी दारातच विचारलं, "तुमच्याकडे नवीन बाथरूम होतंय म्हणे?" सासऱ्यांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला: उद्या सकाळी दहाला या.

सुनेचा बांध तेव्हा फुटला. "बाबा, उद्या आई कुठे जातील? शिक्षिकाबाईंकडे? टॉवेल घेऊन, वॉकर टेकत?"

सासऱ्यांनी फूटपट्टी बाजूला ठेवली. मग उठले, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि म्हणाले, "सातवं कलम पैशाबद्दल आहे. हातांबद्दल त्यात काही नाही. तू तुझ्या हद्दीत बस, मी माझ्या."

सून अडगळीच्या बाजूने बसली, सासरे स्वयंपाकघराच्या बाजूने. मधे भिंतीला थाळीएवढं भोक. त्यातून तिला त्यांचा चष्मा आणि एक कान तेवढा दिसत होता.

"तुम्ही घट्ट धरा, बाबा. मी फिरवते."

"कोणत्या बाजूला?"

"घड्याळासारखं. माझ्या घड्याळासारखं, तुमच्या नव्हे!"

पाणी टपकलं, पाना निसटला, सासऱ्यांनी खात्यात कधी न वापरलेला एक शब्द वापरला. दुसऱ्यांदा फिरवताना सुनेने विचारलं, "एवढं का अडून बसता हो? आईंसाठीच तर आहे."

भोकातून चष्मा बाजूला झाला, नुसता कान उरला.

"ते कलम माझं नाही," कान म्हणाला. "तिचं आहे. तुझा नवरा दीड वर्षाचा होता. मित्राने बस घेतली आणि मी जामीन राहिलो, तिला न सांगता. बसचा धंदा बुडाला. वर्षभर तिने दुसऱ्यांचे कपडे शिवले, रोज सोळा तास. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, लिहा. मी फक्त लिहिलं. राज्यघटनांमध्येही अशी कलमं कुणीतरी बुडाल्यावरच येतात, सूनबाई. तिच्या माघारी मी ते कसं मोडू?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्य नळ सोडला तरी भिंतीत मात्र आलं नाही. जोड बसला होता.

शनिवारी सासूबाई आल्या. वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत त्या नव्या दारापर्यंत गेल्या आणि आत शिरल्या. बाहेर चौघं श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळाने दांडी धरून त्या दारात आल्या.

"हे कुणाच्या पैशाने?"

सुनेने फाइल पुढे केली. सासूबाईंनी चष्मा मागितला. 'हे घराचे कर्ज नाही' या ओळीवरून बोट फिरवलं. पट्टा वाचला, कर्जाचा कागद वाचला, आणि सगळ्यात शेवटी सुनेकडे बघितलं. मऊ, ओळख पटल्यासारखं.

"शुल्क किती आहे?"

"तुम्हाला माफ आहे, आई."

"माफ कसं? मी फुकट वापरलं तर फेडायचं कुणी? घराने?" त्यांनी कनवटीचा बटवा काढला आणि सुनेच्या तळहातावर नाणं ठेवलं. "पावती दे. आणि अध्यक्षबाई, तुझं काम चोख आहे. आतली साबणाची वडी तेवढी ओली आहे. माझ्या आधी कोण गेलं होतं?"

नणंदेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हात वर केले. त्याचे केस अजून झोपेने विस्कटलेले होते. मग सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते नुकतेच न्हाऊन केस विंचरल्यासारखे दिसत होते.

"ते निरीक्षण होतं," सासरे म्हणाले. "विधी खात्याकडून."

"निरीक्षणाला साबण लागतो?" सासूबाईंनी विचारलं, आणि बोटाने सुनेचा तळहात दाखवला. "भरा."