जागं राहण्याचं काम

कॅम्पातल्या ख्रिस्ती कॉलेजात पाहुण्या कलावंताचा कार्यक्रम सुरू झाला की दहा मिनिटांत सगळे श्रोते झोपी जातात, आणि सगळ्यांना मिळून एकच स्वप्न पडतं. कार्यक्रम डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला असतो. आधी जेवणात बिर्याणी असते, पण झोपेचा बिर्याणीशी काही संबंध नाही. एक वर्ष नुसती खिचडी ठेवून कॉलेजने ते तपासून पाहिलं आहे.

पाहुण्यांना याचं वाईट वाटत नाही. उलट शाल आणि गुच्छाबरोबर त्यांना प्रशस्तिपत्रक मिळतं, ‘आपल्या वादनाने सर्व श्रोते आठव्या मिनिटास झोपले’ असं. एका सतारियांनी ते चौकट करून दिवाणखान्यात लावलं आहे. एका तबलजींच्या वेळी मात्र मागच्या बाकावरचे दोघे टक्क जागे राहिले. तबलजी इतके दुखावले की चहाही न घेता स्टेशनवर गेले.

स्वप्नातही हाच हॉल असतो. फक्त छप्पर नसतं, वरून कोवळं ऊन झिरपत असतं आणि खुर्च्या थोड्या जास्त असतात. त्या जास्तीच्या खुर्च्यांवर कॉलेजची वारलेली माणसं येऊन बसतात. गाणं ऐकतात, मागे वळून कोणाचं काय चाललंय विचारतात. उपप्राचार्य गोर्डे जागे झाल्यावर या सगळ्याचं इतिवृत्त लिहितात. गोर्डेसर राज्यशास्त्राचे, त्यामुळे कोण कोणाशेजारी बसलं हे त्यात बारकाईने असतं. गाणं कुठलं झालं हे आजवर एकदाही आलेलं नाही.

आता एवढ्या विद्वानांना उठवायला एक तरी माणूस जागा हवा. ते काम शांतवन चक्रनारायणचं. तो हॉलचा शिपाई. पाचला तो व्यासपीठामागची पितळी घंटा वाजवतो आणि सगळे डोळे चोळत टाळ्या वाजवतात. पहिल्या वर्षी जागं राहायला त्याने बुटात खडे घातले होते. आता खडे लागत नाहीत. बाहेरचा कोणी बसवावा तर तोही दहाव्या मिनिटाला मान टाकतो. एका वर्षी शांतवनला टायफॉइड झाला आणि घंटा राहिली. पाहुणे बासरीवाले आपले सहाच्या गाडीने निघून गेले आणि लोक उठले ते मंगळवारी, पोस्टमनने रजिस्टर पत्रावर सही हवी म्हणून प्राचार्यांना हलवलं तेव्हा.

ते टायफॉइडचं वर्ष सोडलं तर बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. फक्त नऊ वर्षांपूर्वी शांतवनची बायको, सुवार्ताबाई, मिशनच्या दवाखान्यात वारली ती नेमकी त्या शनिवारी, पावणेपाचला. शांतवन घंटेपाशी होता. पाच वाजता त्याने घंटा वाजवली आणि मग त्याला कोणीतरी सांगितलं.

त्याच्या पुढच्या वर्षीपासून सुवार्ताबाई स्वप्नात येऊ लागल्या. त्या चॅपेलमध्ये पेटी वाजवायच्या, म्हणून त्यांना तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. सगळं कॉलेज त्यांना दर वर्षी भेटायचं. नवरा सोडून.

“शांतवनभाऊ, वहिनींचा निरोप आहे,” वनस्पतिशास्त्राचे पारधेसर जांभई देत सांगायचे. “गवती चहाला पाणी कमी घाला म्हणाल्या. सिम्बोपोगॉन.”

“सिम्बोपोगॉन ती म्हणाली?”

“ते मी म्हणालो.”

“आणि मी दिलेला निरोप? तो सांगितला का तिला?”

“अरे हो! राहिलंच की. स्वप्नात कुठं लक्षात राहतं हो!”

शांतवनचा निरोप एकाच वाक्याचा होता: त्या दिवशी मला यायला उशीर झाला. तो पोचवायला त्याने आठ वर्षांत अकरा प्राध्यापक वापरून पाहिले. एकालाही जमलं नाही, आणि हेच लोक मुलांना पाठांतर नाही म्हणून ओरडतात.

गेल्या वर्षी खुद्द प्राचार्या करुणा उजगरे निरोप घेऊन आल्या. “शांतवनभाऊ, सुवार्ताताई म्हणाल्या, पुढच्या खेपेला शेवटचं. त्यानंतर त्यांची जागा दुसरीकडे लागलीय. हॉलमध्ये येता येणार नाही.”

शांतवनने वर्षभर विचार केला आणि नोव्हेंबरात अर्ज दिला. ‘विनंती की, यंदाच्या कार्यक्रमात दुपारी तीन ते पाच या वेळेत झोपण्याची परवानगी मिळावी.’

सभा बसली. अर्ज रास्त आहे, असं सगळे म्हणाले. मग जागं कोणी राहायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा जो तो खिडकीबाहेर बघू लागला.

“मी राहिलो असतो,” गोर्डेसर म्हणाले, “पण मग इतिवृत्त कोण लिहिणार?”

“माझे गुरुजी पाचव्या रांगेत असतात,” पारधेसर म्हणाले. “मी गेलो नाही तर खाडा मांडतील. वारले तरी हजेरी सोडलेली नाही त्यांनी.”

“आणि मी झोपले नाही तर तिकडे स्वागत कोण करणार?” उजगरेबाईंनी अर्जावर ‘तत्त्वतः मान्य’ असं लिहिलं. तत्त्वतः मान्य म्हणजे काय ते शांतवनला नोकरीत लागल्यापासून माहीत होतं.

शनिवार उजाडला. यंदा पाहुण्या गायिका होत्या सांगलीच्या इंदुमती शेवडे. सत्तरी ओलांडलेल्या, नाकात मोठी नथ, आवाज मात्र ताज्या दुधासारखा. अतिथिगृहात शांतवन त्यांचा तंबोरा उचलून ठेवत होता.

“काय हो, चेहरा असा का? बिर्याणी मिळाली नाही वाटतं?”

शांतवनने सगळं सांगितलं. बाईंनी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत ऐकलं.

“मग घंटा मी वाजवते की. मी जागीच असते.”

चहाच्या चौकशीला आलेल्या उजगरेबाई दारातच थबकल्या. “छे छे! पाहुण्यांना काम सांगायचं? उद्या गावभर होईल, कॉलेजने बाईंकडून भांडीसुद्धा घासून घेतली म्हणून!”

“अहो, हात पुरतो घंटेला. आणि गाता गाता झोपण्याइतकी मी काही अजून नामवंत झालेले नाही.”

उजगरेबाईंनी ‘तत्त्वतः’ खोडलं.

तीनला गाणं सुरू झालं. चौथ्या मिनिटाला गोर्डेसर गेले, वही मांडीवर उघडी ठेवून. सहाव्याला अर्थशास्त्र विभाग सगळा एकदम गेला. आठव्याला उजगरेबाई, पदर सावरून. रंगीत काचांतून आलेलं निळं-तांबडं ऊन झोपलेल्या टकलांवरून हळूहळू सरकू लागलं. इस्त्रीचा शर्ट घालून शांतवन शेवटच्या रांगेत बसला आणि त्याने डोळे मिटले.

काही झालं नाही.

पुन्हा मिटले. मान पुढे टाकली, मागे टाकली, खोटं खोटं घोरूनसुद्धा पाहिलं. बावीस वर्षांची सवय हो, ती का अर्जाने सुटते! सव्वाचार झाले. बाईंनी गाणं थांबवलं.

“अहो, शेवटच्या रांगेतले! तुम्ही अजून इथेच?”

“झोप येईना, बाई.”

“या असे पुढे. बसा इथे, माझ्यासमोर. तुम्हाला कशाने झोप लागायची? घरी?”

शांतवनने आठवून पाहिलं. “ती घरी नाताळचं पाळण्याचं गीत पेटीवर वाजवायची, चॅपेलसाठी. ते चालू असलं की मी भिंतीला टेकून पेंगायचो.” त्याने गुणगुणून दाखवलं. “फक्त तिसऱ्या ओळीत तिचं बोट शेजारच्या पट्टीवर पडायचं. दर वर्षी. मी सांगायचो, तर माझ्यावरच उखडायची.”

“पुन्हा म्हणा ती ओळ. चुकीसकट.”

त्याने म्हटली. इंदुमतीबाईंनी तंबोरा जुळवून घेतला आणि गीत सुरू केलं. पहिली ओळ नीट आली, दुसरी नीट आली. तिसऱ्या ओळीत सूर शेजारी जाऊन पडला, आणि शांतवनची मान छातीवर आली.

हॉलला छप्पर नव्हतं. सगळे बसलेले होते. गोर्डेसरांनी त्याला पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच दुसरीकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत कडेला सुवार्ता होती. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली होती. कोणी विचारलं की ‘येणारेत’ म्हणत असावी, नऊ वर्षं. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

“बसा.”

“सुवार्ता, त्या दिवशी मला...”

“माहितीये. घंटा ऐकू आली होती मला, जाताना. वेळेवर वाजली.” तिने त्याच्या कॉलरची उलटलेली घडी सरळ केली. “आता गप्प बसा, गाणं चाललंय.”

तो गप्प बसला. ऊन दोघांच्या गुडघ्यांवर सारखं पडलं होतं. गाणं संपता संपता ती त्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी म्हणाली. तेवढ्यात पाच वाजले.

घंटेचा आवाज विरला, डोळे चोळले गेले, टाळ्या झाल्या. कोणीही शांतवनला काही विचारलं नाही. पारधेसर काही सांगायला आले आणि आपल्याकडे आता निरोप नाही हे लक्षात येऊन तसेच परत गेले. इंदुमतीबाईंनी मात्र त्याला हाताने जवळ बोलावलं.

“भेटल्या?”

“भेटली.”

“काय म्हणाल्या?”

“राग मानू नका, बाई. म्हणाली, गाणाऱ्या बाई तिसऱ्या ओळीत चुकल्या.”

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. “ऐकलं म्हणायचं कोणीतरी. पुढच्या वेळी त्यांना सुधारून ऐकवते.”

“पुढच्या वेळी ती नसणार.”

“मग तशीच ठेवते,” इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली.