मागून येणारा माणूस

"म्हातारा मेला पाहिजे," संपादक म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

त्यांच्या रडण्याचा म्हाताऱ्याशी काही संबंध नव्हता. पौषात धानोऱ्यात जो तो मिरची वाळत घालतो, आणि भिलाच्या घराचे अंगण तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल झाले होते. संपादकांना दमा होता. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना कोरड्या हवेत राहायला सांगितले होते, म्हणून प्रकाशकांनी त्यांना सरळ लेखकाच्याच गावी पाठवून दिले. हवाही सुधारेल आणि कादंबरीही, असा त्यांचा हिशेब होता. हवा कोरडी होती, याबद्दल संपादकांची तक्रार नव्हती.

भिला हा गावातला पहिला बी. एस्सी. रसायनशास्त्र शिकून आला आणि ओसरीवर बसून त्याने एक अद्भुत कादंबरी लिहिली. आकाशात तरंगणारा एक मेघदुर्ग, तो जमिनीला एकाच लोखंडी साखळीने बांधलेला, आणि त्या साखळीची राखण करणारा म्हातारा अर्गळबाबा. साखळीचे वजन, वाऱ्याचा दाब, उंचीवर श्वास का लागतो, हे सगळे भिलाने नीट काढून कादंबरीत घातले होते. संपादकांनी ते सगळे काढून टाकले.

"दुर्ग उडतो हे वाचकानं मुकाट्यानं मान्य केलंय," ते म्हणाले होते. "आता साखळीचं वजन सांगून त्याच्या मनात शंका का घालता?"

भिला भांडला, रात्रभर रुसला आणि सकाळी कबूल झाला. खरी अडचण तीच होती. हा माणूस बहुधा बरोबर असे. दोन पाने बोलणाऱ्या राजाला त्यांनी चार ओळींवर आणले, आणि तेव्हापासून तो राजा वाटू लागला.

"पण अर्गळबाबाच का?" भिलाने विचारले.

"कारण तुमच्या पुस्तकात कुणाचं काही जातच नाही, पाटील. साखळी तुटते, दुर्ग हेलकावे खातो आणि सगळे सुखरूप. वाचकाचं काहीतरी हरवायला हवं. म्हातारा अकराव्या प्रकरणात जाऊ द्या. मग मी सही करतो."

सहीशिवाय छापखाना हात लावणार नव्हता. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत पुस्तक आले नाही, तर भिलाला नंदुरबारच्या कापसाच्या जिनात वजनाच्या काट्यावर बसायचे होते. त्याच्या वडिलांनी तिथल्या मॅनेजरला शब्द देऊन ठेवला होता.

पण अर्गळबाबा म्हणजे भिलाचे आजोबा लोटनआबा. भिलाने त्यांना उचलून जसेच्या तसे कादंबरीत ठेवले होते. डावा पाय ओढत चालणे, कानावर लिंबाची काडी, झोपण्याआधी बैलांचे खुंटे पायाने ठोकून बघणे, बोलण्याआधी खाकरणे, सगळे तेच. दसऱ्यापासून तो रोज दिवेलागणीला ओट्यावर प्रकरणे वाचून दाखवी आणि गाव पोथीसारखे ऐके. अर्गळबाबा कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. आबांना सगळ्यात जास्त. "आज मी काय करं?" असे ते सकाळीच विचारून ठेवीत.

शेवटी भिलाने गोठ्यात बसून, चोरून, आबांना मारले. साखळी तुटते, अर्गळबाबा शेवटची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवतात आणि दुर्ग त्यांना घेऊन वर वर जातो. संपादकांनी वाचले, कागद खाली ठेवला आणि "हं" म्हणाले. इतकी स्तुती भिलाच्या वाट्याला आजवर आली नव्हती. गावाला वाचून दाखवण्यासाठी त्याने वेगळे अकरावे प्रकरण योजले. त्यात म्हातारा बहिणीच्या गावी राहायला जाणार होता.

पण संपादकांची एक रीत होती, ती भिलाला माहीत नव्हती. पक्के झालेले प्रकरण ते कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सोडत नसत. पुण्यात शेजारच्या स्वयंपाकिणीला ऐकवत. "डोळे लेखकाची भीड धरतात, कान धरत नाहीत," असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी भिला कागद आणायला नंदुरबारला गेला, आणि दिवे लागल्यावर संपादक स्वतः ओट्यावर बसले. त्यांचा आवाज चांगला होता. त्या संध्याकाळी ते एकदाही खोकले नाहीत.

भिला परत आला तेव्हा ओटा भरलेला होता. आबांनी कानावरची काडी काढून हातात धरली होती. ते खाकरले.

"भिला, मी वर गऊ का खाले पडनू?"

पुढचे भिलाने लिहिलेच नव्हते. प्रकरण तिथेच संपत होते.

मग त्याची आई धनुबाई उठली. "जित्ता मानूसनं मरन वाची टाकं, तेबी दिवा लागाना येळले. आते कमलले सांगावा धाडना पडी."

संपादकांना काही कळेना. भिलाने खाली मान घालून समजावले. माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की मरण जवळ आले असे समजतात. मग परगावच्या लेकीला तो मेल्याची खोटी खबर धाडायची. ती रडते. येणारे मरण ते रडणे ऐकते, आपले काम उरकले असे समजते आणि वळून जाते. नंतर मागून दुसरा माणूस जातो आणि खरे काय ते सांगतो. लेक त्याच्या हातावर गूळ ठेवते. मात्र आधी तिला काही ठाऊक असता कामा नये. रडणे खरे पाहिजे.

"पण इथं कावळा कुठं आहे? मी आहे," संपादक म्हणाले.

"कावळा बरा भाऊ," धनुबाई म्हणाली. "तो डोकावर बठस नि उडी जास. तुम्ही ते लिखी ठेवं."

सकाळी सालदार खात्या पुढे गेला. आबांची एकुलती लेक कमलबाई तापीपलीकडे तळोद्याला दिलेली. मागच्या अखाजीला आबा तिच्या खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांना जाड म्हणाले, तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. शेजारचा दोधू भाकर खाऊन मागून निघणार होता. योजनेत काही चूक नव्हती. भिलाने नंतर पुष्कळ शोधली, त्याला सापडली नाही.

फक्त नावाड्याने खात्याला विचारले की, तोंड असे का केले आहे, आणि खात्याने सांगितले. आबांना नावाडी जन्मभर तापीपार करत आला होता. त्याने खात्याला उतरवले आणि नाव पलीकडच्या काठालाच बांधून ठेवली. आता तळोद्याची माणसे येतील, आज दुसरे भाडे घ्यायचे नाही, असे त्याने ठरवले.

दोधू अलीकडच्या काठावर आला तेव्हा नाव पलीकडे होती. तो हात वर करकरून ओरडला, "आबा जित्ता शे!" वारा समोरून होता. पात्र केवढे रुंद आणि शब्द कुठवर गेला असेल, हे भिलाने पुढे एकदा काढले, निम्म्यापर्यंतसुद्धा नाही. नावाड्याला फक्त हात दिसले. बिचारा ऊर बडवतो आहे, असे त्याला वाटले.

दुपारी नाव आली ती भरून आली. कमलबाई, तिचे दीर, जावा, आणि बाजाराला आलेला मोलगीचा डोंगरसिंग. आबा त्याच्याकडून चारोळी घेत. मोलगीच्या डोंगरात मोठ्या माणसाची अंत्ययात्रा ढोलाशिवाय निघत नाही, म्हणून त्याने गळ्यात ढोल अडकवला होता.

"आबा जित्ता शे," दोधू प्रत्येकाला म्हणाला.

"हां रे भाऊ," एक म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असा मानूस मरस का कधी?"

त्यांनी दोधूला पाणी पाजले आणि धरून गाडीत बसवले. वाटेतल्या गावांतून आणखी दोन गाड्या मागे लागल्या. दोधू सगळ्या रस्त्याने खरे बोलत आला आणि जो तो त्याचे सांत्वन करत आला.

गावकुसाशी रीतीप्रमाणे बायकांनी गळा काढला तेव्हा आबा अंगणात बसून मिरच्या उलथत होते. धनुबाई धावत सासऱ्यांकडे आली.

"मामा, घरमा मजार जा. इतला लोकेस्ना सामने जित्ता कसा बठशात?"

"मन्हं घर शे," आबा म्हणाले आणि बसून राहिले.

कमलबाई केस मोकळे सोडून आत आली. तिला बाप दिसला. कानावर काडी होती. ती थांबली, तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा काडीकडे पाहिले, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने रडू लागली.

"आते काय?" आबा ओशाळून म्हणाले. "बठेल शे ना मी."

"मांडा जाड व्हतात ना मन्हा?" ती हुंदके देत म्हणाली. "सगळा रस्ता मी त्याच मांडा आठवत उनू. पातळ करी देतू तर काय व्हतं, म्हणत उनू."

आबांनी काडी कानावरून काढली, पुन्हा ठेवली. तोवर सगळी मंडळी अंगणात, म्हणजे मिरच्यांत, येऊन उभी राहिली होती. जे दीर नुसते रीत म्हणून आले होते त्यांचेही डोळे वाहू लागले. सगळ्यांत जास्त संपादक रडले. पुण्याचा साहेब मायेचा माणूस आहे, असे त्या दिवसापासून गावात सगळे म्हणू लागले.

मग इतक्या लोकांना जेवायला घालावे लागले. मंडळींनी सुतकाचे म्हणून आणलेले धान्यच दळून भाकरी झाल्या. आबा पंगतीत बसले, आणि त्यांना वाढताना बायका उगीच जपून वाढत होत्या. ढोल न वाजवता परत नेणे डोंगरसिंगला बरे वाटेना. त्याने थोडा वाजवला. आबांनी मान डोलावली.

उन्हे उतरली तेव्हा संपादकांनी भिलाला बाजूला घेतले. त्यांचे डोळे अजून लाल होते.

"पाटील, मी चुकलो. म्हातारा मरायला नको. मेल्याची खबर यावी, सगळा दुर्ग रडावा आणि म्हातारा तिथंच बसलेला असावा. हे तुमच्याहून चांगलं आहे आणि माझ्याहूनही. खोडून टाका ते मरण."

भिलाचा जीव भांड्यात पडला. पुस्तकही राहत होते आणि आजोबाही. तो तसाच आबांकडे गेला आणि त्यांना सांगितले. आबा बराच वेळ खाकरत राहिले.

"कमल खरं रडनी ना?"

"खरं रडनी, आबा."

"मंग? मरन खोडी टाकशी, तर ते रडनं कोनासाठे ऱ्हायनं?" त्यांनी लाल अंगणाकडे पाहिले. "रडनं मोकळं सोडनं नही, पोऱ्या. ते कोनले तरी शोधस. ऱ्हाऊ दे. तठे मरू दे माले, म्हंजे आठे बठता यी."

संपादकांनी ते ऐकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची दुरुस्ती मागे घेतली, समासात 'कायम' लिहिले आणि खाली सही केली.

पुस्तक अखाजीच्या आत आले. फारसे कुणी घेतले नाही. भिलाला काट्यावर बसावे लागलेच, पण दोन पावसाळे उशिरा.

त्यानंतर आबांना ताप आला की भिला अकरावे प्रकरण वाची. सकाळी खात्या तळोद्याला जाई, कमलबाई रडे, मागून दोधू जाई, त्याच्या हातावर ती गूळ ठेवी, आणि आबा बरे होत. दोन दिवसांनी ती मांडे घेऊन येई, इतके पातळ की त्यांतून दिवा दिसावा. नावाडीही शिकला होता. खात्याला सोडले की तो नाव रिकामी अलीकडे आणून दोधूची वाट पाही. रडणारीला आधी ठाऊक नसावे ही अट केव्हाच मोडली होती, पण ते कुणी बोलून दाखवीत नसे. भिला शास्त्र शिकलेला होता. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होते. पण उलट एकही उदाहरण मिळत नव्हते.

एका पौषात अंगण तसेच लाल होते. आबांना ताप आला. भिलाने पुस्तक काढले आणि अकरावे प्रकरण उघडले.

"ते नको," आबा म्हणाले. खाकरायचे त्यांनी टाळले. "ते पाठ व्हई गयं. दहावं वाच. साखळी धड शे ते."

भिलाने दहावे वाचले. दुर्ग वर होता, वारा शांत होता, आणि अर्गळबाबा झोपण्याआधी खुंटा पायाने ठोकून बघत होते.

सकाळी खात्या तळोद्याला निघाला. नावाड्याने त्याला पलीकडे सोडले आणि सवयीप्रमाणे रिकामी नाव अलीकडच्या काठाला आणून लावली. दोधू काठावर आला नाही.

कमलबाईने खबर ऐकली आणि नेहमीसारखी रडली. मग पदराने डोळे पुसले, खात्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, खापर चुलीवर चढवले, आणि गुळाचा एक खडा फोडून वाटीत तयार ठेवला.

"मांगे दोधूच येस ना?" तिने विचारले.

खात्याने तांब्याला हात लावला नाही. ती दारात येऊन रस्त्याकडे पाहत उभी राहिली. मग खात्याही उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहू लागला.