हँडब्रेकचा एक खटका

बातमी आली तेव्हा तो चौथ्या मजल्याच्या जरा खाली अडकलेल्या एका गृहस्थांशी बोलत होता.

म्हणजे गृहस्थ अडकले होते. तो आपल्या खुर्चीत बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लिफ्ट अडकली की आतली माणसं फोन करत, तो फोन याच्या टेबलावर वाजे, आणि मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्यांना धीर द्यायचं काम याचं. "शांत राहा. आपण कोणत्या मजल्यावर आहात?" ही वाक्यं तो इतक्या वेळा बोलला होता की ऑफिसात सगळे त्याला शांतीदूत म्हणत. (घरी असं कोणी म्हणत नसे. घरी त्याच्याइतकं चटकन चिडणारं माणूस दुसरं नव्हतं.)

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. एका कानाला गृहस्थ, दुसऱ्या कानाला मावसभाऊ.

"दादा, आई गेली," मावसभाऊ म्हणाला.

"शांत राहा," हा म्हणाला. "आपण कोणत्या मजल्यावर आहात?"

मग मावसभाऊ म्हणाला, "घरीच आहे दादा. झोपेतच गेली पहाटे. चारपर्यंत थांबतो आम्ही. मावशीला घेऊन ये."

त्याने गृहस्थांना शेजारच्या टेबलाच्या हवाली केलं आणि जिन्याने खाली आला. (लिफ्टने तो कधीच जात नसे.)

घरी आई वाटाणे सोलत होती. त्याने सांगितलं. आई रडली नाही. हातातली शेंग सोलून पुरी केली, दाणे वाडग्यात टाकले आणि म्हणाली, "कालचा भाग बघायला हवा मला."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"कसला भाग, आई?" बायकोने हळूच विचारलं.

"मालिकेचा. काल तासाचा होता. ताईने काल फोन केला होता. म्हणाली, आज मला बसवत नाहीये, तू बघ आणि ती थोरली सून घराच्या कागदावर सही करते का, ते उद्या मला सांग. आणि नेमके आपल्याकडे दिवे गेले."

या दोघी बहिणी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी आपापल्या घरी टीव्हीसमोर बसत आणि मधे फोन स्पीकरवर ठेवत. थोरल्या सुनेवर दोघींनी मिळून जेवढा राग काढला होता, तेवढा कुठल्याच सख्ख्या सुनेच्या वाट्याला आला नसेल.

"अगं आई, पण मावशी आता..."

"मला कळतंय मावशी आता काय ते. तिने काम सांगितलं होतं. एवढं एकच काम. न करता कशी उभी राहू तिच्यासमोर?"

कॉलेजची दोन वर्षं तो मावशीकडे राहिला होता. परीक्षेच्या दिवसांत मावशी गजराचं घड्याळ स्वतःच्या उशाखाली घेऊन झोपे. टिकटिकीने याचा अभ्यास मोडू नये म्हणून. (अभ्यास तसाही होत नसे. पण तो टिकटिकीने मोडला असं म्हणायची सोय मावशीने ठेवली नाही.)

प्रवास तीन तासांचा होता. सुदैवाने खाली मेहुण्याची गाडी उभी होती. मेहुणा परदेशी नोकरीला गेला होता आणि गाडीची किल्ली आपल्या बहिणीकडे, म्हणजे याच्या बायकोकडे, ठेवताना त्याने एकच सूचना केली होती: "मागच्या स्क्रीनना भावोजींना हात लावू देऊ नकोस." गाडीत पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीला पाटीएवढे पडदे बसवलेले होते. मागे बसणाऱ्यांनी प्रवासात सिनेमे बघावेत म्हणून.

"मोबाइलवर बघता का, आई?" बायकोने विचारलं. सामान भरता भरता तिने भाग मोबाइलमध्ये उतरवूनही घेतला होता.

"त्यात मला माणसं मुंग्यांएवढी दिसतात. आणि मान खाली घातली की मळमळतं."

"मग मी बघून तुम्हाला सांगते."

"तू मला सांगणार, मग मी तिला सांगणार? तिने मला बघायला सांगितलं होतं."

तेव्हा पडदा चालू करणं आलं. त्याने मोबाइलला वायर लावली, वायर गाडीला लावली, पुढच्या स्क्रीनवर सात-आठ ठिकाणी बोट दाबलं. वातानुकूलन चालू झालं. मग मागचा वायपर चालू झाला. मग गाडीतल्या बाईने त्याला तीन वेगवेगळ्या भाषांत सुप्रभात म्हटलं. आणि अचानक आईसमोरच्या पडद्यावर थोरली सून उगवली.

"आली!" आई म्हणाली. "हं, चल आता."

शांतीदूताने ऐटीत गाडी काढली. पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं: गाडी चालू असताना चित्र दिसणार नाही. सुरक्षित प्रवास करा.

त्याने गाडी थांबवली. सून परत आली. गाडी चालवली. सून गेली.

"अरे, काय खेळ लावलायस?" आई म्हणाली.

"मी नाही लावला. तिने लावलाय," तो स्क्रीनकडे बोट करून ओरडला.

शहरातून बाहेर पडेपर्यंत मालिका सिग्नलच्या हप्त्यांनी चालली. तांबडा दिवा लागला की सून एक जिना उतरे. हिरवा लागला की अंधार. एका चौकात वकिलाने कागद पुढे सरकवला तेवढ्यात दिवा हिरवा झाला, आणि आईने मागून त्याचा खांदाच धरला.

"थांब, थांब! पेन उचलतेय ती!"

मागे बस होती. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय काका, दिव्याचा रंग पसंत नाही का?"

मग महामार्ग लागला. महामार्गावर एकही सिग्नल नाही म्हणून हळहळणारा तो जगातला पहिलाच माणूस असावा.

"बाजूला घेऊन पाऊण तास थांबू या का?" बायको म्हणाली.

"काही नको," मागून आई. "चार वाजता नेणार आहेत. थांबायचं नाही कुठे."

"मग पडदा नाही लागणार, आई!"

"लागणार नाही कसा? विकत घेतानाच बंद होता का?"

त्याने बायकोला कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायला सांगितलं. फोनने आधी संगीत ऐकवलं, मग मनोरंजन यंत्रणेसाठी पाच दाबायला सांगितलं, मग परत तेच संगीत ऐकवलं. शेवटी एक मुलगी आली. बायकोने स्पीकर लावला.

"हे बघा," तो सुरू झाला, "तुमचा पडदा बंद पडतोय, माझी आई मागे बसलीये, आम्हाला चारच्या आत पोहोचायचंय, आणि तुम्ही मला अर्धा तास बासरी ऐकवताय!"

"सर, कृपया शांत राहा," मुलगी म्हणाली. "आपण आता कुठे आहात?"

बायकोने तोंडाला रुमाल लावला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं होतं आणि ते थांबत नव्हतं.

"सर, आपण वायर पुढे लावली आहे. पुढचं चित्र सुरक्षेसाठी बंद राहतं. पार्किंग ब्रेक ओढलेला असेल तरच दिसतं. आपण असं करा, सर, मागच्या..."

"ओढलेला असेल तरच!" तो म्हणाला, आणि त्याने फोन बंद करायला लावला.

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. इतकी वर्षं मेकॅनिक लोकांची बोलणी त्याने कानांनी ऐकली होती. दाराचा स्विच दाबून धरला की दार उघडं असूनही लिफ्टला ते बंद वाटतं, हे त्याला तोंडपाठ होतं. लिफ्ट काय नि गाडी काय, यंत्राला काय वाटतं यावरच सगळं अवलंबून. त्याने डाव्या हाताने हँडब्रेकचा दांडा हळूच वर घेतला. एकच खटका. समोर तांबडा दिवा लागला. गाडीला वाटलं, आपण उभ्या आहोत. आणि मागे थोरली सून प्रकट झाली.

"लागली!" आई म्हणाली.

"लागणारच," शांतीदूत म्हणाला. "डोकं लागतं त्याला."

"अहो, तो तांबडा दिवा कसला?" बायको म्हणाली.

"तो असतो."

पुढचा पाऊण तास त्याच्या आयुष्यातला अत्यंत अभिमानाचा होता. गाडी जरा जड चालत होती. त्याने आधी वाऱ्याला दोष दिला, मग चढाला, मग बायकोच्या बॅगेला. ट्रक पुढे जात होते, ट्रॅक्टर पुढे जात होते. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने चालला आणि मग कंटाळून तोही पुढे गेला.

"काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

"कोणीतरी कचरा जाळला असेल बाहेर."

"इतका वेळ? आपल्या बरोबरीने?"

"काही जळत नाहीये बाहेर," मागून आई म्हणाली. "तिच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलंय. आत्ताच दाखवलं."

मावसभावाचा फोन आला: दादा, अजून किती? हा म्हणाला, पोहोचलोच. परत फोन आला. परत हा म्हणाला, पोहोचलोच. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन मागच्या चाकाकडे हातवारे करू लागला, तर याने त्यालाही हात केला. चार वाजून गेले होते. घामाने त्याचे हात स्टिअरिंगवरून सटकत होते. दांडा खाली करावा तर सून जाईल, नाही करावा तर गाडी पळत नाही. आणि का पळत नाही, हे तर त्याला कळतच नव्हतं.

मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत भाग संपला.

"केली का सही?" बायकोने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "टोपण काढलं पेनचं. मग दूध उतू गेलं. मग सगळ्यांची तोंडं तीन-तीनदा दाखवली आणि संपलं."

"एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी होती. सगळे यांच्यासाठीच थांबले होते. त्या शांततेत मेहुण्याची गाडी मागच्या दोन्ही चाकांतून धूर काढत शिरली. बायकोने आईला हात धरून उतरवलं आणि दोघी आत गेल्या. त्याने दांडा आता पूर्ण वर ओढला आणि दार उघडलं. तेवढ्यात भाग आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. गाडीच्या आठही स्पीकरांतून मालिकेचं शीर्षकगीत गल्लीभर घुमलं, तबल्यासकट.

त्याने वायर उपटली. गाणं थांबलं नाही. मोबाइल आणि गाडी यांनी कधीचंच परस्पर बिनवायरचं जमवून घेतलं होतं. त्याने स्क्रीनवर बोटं दाबली. वायपर चालू झाला. शेजारच्या घरातले एक काका बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी ती चाकावर ओतली. फस्सकन वाफ उठली. दाबता दाबता कुठेतरी गाणं बंद झालं.

"ड्रायव्हर," काका दबक्या आवाजात म्हणाले, "गाडी काढा इथून. आता न्यायचंय त्यांना."

"मी ड्राय..."

"नंतर सांगा. काढा आधी. आत सगळे खोळंबलेत तुमच्यापायी."

गल्ली अरुंद. मागे माणसं. त्याने दांडा सोडला आणि गाडी पुढे घेतली. गल्ली जिथे सुटली तिथून परत वळायला बंदी होती. बाजारपेठेच्या गर्दीतून रांगत वळसा घालताना मागची चाकं किंचाळली आणि भाजीच्या दुकानांसमोर गाडी जी थांबली, ती हललीच नाही. दांडा खाली होता, तांबडा दिवा विझला होता, चाकं मात्र हटून बसली होती. किल्ली काढून तो धावत सुटला. मावशीच्या घरी पोहोचला तर गल्ली मोकळी होती. कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून तो पुढे गेला. स्मशानात पोहोचला तेव्हा लोक हातपाय धुऊन परत निघाले होते.

"दादा, होतास कुठे?" मावसभावाने विचारलं. त्याचा आवाज बसला होता. "थांबलो होतो रे आम्ही. म्हटलं, इथेच असशील."

"गाडी," हा म्हणाला.

संध्याकाळी घरात आई मावशीच्या पलंगाच्या कडेला बसली होती. तो जाऊन शेजारी बसला.

"सांगितलं का तिला?"

"सांगितलं. कानाशी जाऊन."

"काय सांगितलंस?"

"सही केली म्हणून."

"पण तिने तर नुसतं टोपण..."

"मला माहितीये तिने काय केलं ते," आई म्हणाली. "ताईला कशाला उद्यावर ठेवू?" आणि मग ती रडली.

थोड्या वेळाने शेजारचे काका चहाचे पेले घेऊन आले. सगळ्यांना दिले. यालाही दिला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घ्या. आणि वाईट वाटून घेऊ नका, मघाशी जरा टाकून बोललो."

"अहो काका," मावसभाऊ म्हणाला, "हा माझा मावसभाऊ. आईने सांभाळलाय याला दोन वर्षं."

काका वरमले. "माफ करा हं. गाडीची अशी अवस्था करून आणलीत, मला वाटलं भाड्याची असेल." मग काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून ते पुढे म्हणाले, "पण पडदे छान आहेत हो मागे. माझ्या जावयाकडे अश्शीच गाडी आहे. वायर मागच्या सीटखाली लावायची. धावत्या गाडीतसुद्धा दिसतं."

त्याने चहा घेतला. मावशीचं तोंड बघायचं राहिलं.