ओरेस्टचं फावडं

त्या रविवारी ओरेस्टनं एकच गोष्ट ठरवली. चर्चला जाताना जावयाच्या गाडीत बसायचं नाही. गारठून मेलं तरी चालेल.

जावई डेव्हिन व्हँकुव्हरचा. तिकडं बर्फ येतो तो पाहुण्यासारखा, चहा पिऊन जातो. आणि हा गडी कॅनडाच्या मधल्या सस्कॅचेवानच्या थंडीत, जिथं थुंकी खाली पडेस्तोवर तिचा खडा होतो, तिथं बॅटरीवरची गाडी घेऊन सासुरवाडीला आला होता. वर सांगत होता, सीट गरम होते म्हणून.

"ढुंगण शेकायला गाडी कशाला पायजे," ओरेस्ट म्हणाला. "घरात शेगडी न्हाई व्हय?"

"तुमी बसा कुडकुडत," स्टेफा म्हणाली. ही ओरेस्टची बायको. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या होलोप्चीचं पातेलं मांडीवर घेऊन ती लेकीसंगं जावयाच्या गाडीत कधीच जाऊन बसली होती. "आन् ते नाताळाचं दिवं काढा आधी. फेब्रुवारी लागला. अंगणातल्या सांताक्लॉजवर आता कुत्रीबी भुंकंनात."

"आल्यावर काढतो."

"जानेवारीतबी आल्यावरच काढणार व्हता."

ओरेस्टला आज दिव्याबिव्याला सवड नव्हती. त्याच्या छोट्या ट्रकच्या मागच्या हौद्यात फावडं होतं, आणि ते वाजतगाजत न्यायचं होतं.

ह्या फावड्याची गोष्ट अशी. हिवाळ्यात ज्याची गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात जाईल, त्याचं नाव एका गंजक्या फावड्यावर लाल रंगानं लिहायचं, आणि चर्चच्या हॉलात मंडळी रोज कॉफीला जमतात, तिथं त्याच्या खुर्चीवर ते टांगायचं. पुढचा शहाणा चरात जाईपर्यंत त्यानं त्याखाली बसून टोमणे ऐकायचे. ही चाल काढली ओरेस्टनंच. पडलेल्याला ट्रॅक्टरनं ओढून काढायचा तोही ओरेस्टच. पण साखळी लावायच्या आधी प्रवचन व्हायचं.

"बर्फावर ब्रेक दाबायचा न्हाई, पाय उचलायचा. नजर म्होरं, आरशात न्हाई. आन् बसायच्या आधी गाडीभवती एक चक्कर मारायची. गाय घेताना मारत न्हाई व्हय?"

माणूस चरात निळा पडला तरी हे पुरं ऐकल्याबिगर साखळी मिळत नसे.

आणि काल फादर यारोस्लाव पडले. साक्षात फादर. ओरेस्टनं त्यांनाही प्रवचन दिलं, जरा लांबवूनच दिलं. (जन्मभर त्यांची ऐकत आला होता, कधी तरी फेडायला नको?) रात्रीच फावडं रंगवलं. आज ते भर हॉलात स्वतःच्या हातानं टांगायचं होतं. ओरेस्टचं नाव त्या फावड्यावर आजवर लागलं नव्हतं. गावात त्याची जी काय पत होती, ती तेवढीच.

म्हणून तो घाईत ट्रकमध्ये चढला. चक्कर मारली नाही.

आता तिकडं इंजिन रात्रभर विजेवर उबेत ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी त्याचा धोंडा होतो. गाडीच्या नाकातून वायर लोंबते, ती रात्री जोडायची, सकाळी सोडायची. ओरेस्टनं आळसापायी ती अंगणातल्या दिव्यांच्या माळेलाच जोडली होती. सोडायची राहिली. ट्रक निघाला, त्याच्याबरोबर माळ निघाली आणि माळेच्या शेवटाला बांधलेला प्लास्टिकचा सांताक्लॉजही उताणा होऊन चर्चला निघाला.

रस्त्यावर समोरून धान्याचा ट्रक आला. तिकडं एक बोट स्टिअरिंगवरून उचललं की रामराम झाला. ओरेस्टनं उचललं. समोरच्यानं दोन्ही हात उचलले आणि वर दिवे मिचकावले.

"प्यालाय सकाळी सकाळी," ओरेस्ट म्हणाला.

पुढं शाळेच्या बाई काच खाली करून मागं बोट दाखवायला लागल्या. "ह्या बाईला गाडी कुणी दिली?" त्यानं ट्रकलाच विचारलं. आणि तेवढ्यात पाठीमागून डेव्हिननं हॉर्न धरला. वर दिव्यांची उघडझाप.

"म्होरं जायचंय भाड्याला," ओरेस्ट दात खात बोलला. "बर्फावर. बॅटरीवर." आणि त्यानं ट्रक मुद्दाम रस्त्याच्या मधोमध घेतला. जावयानं आणखी हॉर्न वाजवला. ह्यानं आणखी वेग दिला. जाताना एकदा, जावयाचं तोंड कसं झालंय ते बघावं म्हणून, त्यानं आरशात पाहिलं.

आरशात तांबड्या कोटातला एक दाढीवाला उड्या मारत त्याच्या मागं लागला होता. आणि हसत होता.

ओरेस्टनं ब्रेक दाबला.

ट्रकनं स्वतःभोवती एक सावकाश चक्कर मारली, जी मालकानं सकाळी मारायला हवी होती, आणि चरात जाऊन बसला.

डेव्हिन अलगद थांबला. खाली उतरून म्हणाला, "मामा, लागलं नाही ना?"

"तू हॉर्न कशाला वाजवत व्हतास?"

"तुम्ही सांताक्लॉजला फरफटत नेत होता."

चरातल्या माणसाला टाकून पुढं जायचं नाही, हा तिथला धर्म. त्यामुळं चर्चला निघालेली एक गाडी थांबली, दुसरी थांबली, आणि बघता बघता सगळी मंडळी तिथंच जमली. डेव्हिननं स्टेफाला घरी सोडलं, ती ओरेस्टचाच ट्रॅक्टर घेऊन आली. ओरेस्टनं साखळीला हात घातला, तेवढ्यात फादर पुढं झाले.

"ओरेस्ट, आधी प्रवचन."

"फादर, पाय बधिर झालं."

"माझेही झाले होते," फादर म्हणाले, आणि त्यांनी शब्द न चुकता सुरुवात केली. गायीचं वाक्य तर सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. एरवी चर्चमध्ये आमेनसुद्धा इतकं एकत्र पडत नाही.

"सांता आडवा आला म्हनून," ओरेस्ट कुरकुरला.

"आडवा कुठं," स्टेफा ट्रॅक्टरवरून म्हणाली. "बिचारा मागनं येत व्हता. फावडं काढा, चाकाखालचं उकरा. आनलंय तर वापरा."

फादरांच्या नावाचा रंग बर्फात उकरताना खरवडून गेला. जागा आयतीच मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी ट्रक सुरू होईना. वायर तुटली होती, इंजिनाचा धोंडा झाला होता. आणि कॉफीच्या मंडळींचा निरोप होता, नाव लिहून फावडं आणा, सांतालाही आणा. ओरेस्ट मुकाट्यानं जावयाच्या गाडीकडं गेला. पुढचं दार उघडलं, तर पुढच्या सीटवर पट्टा लावून सांताक्लॉज बसला होता.

"ह्याला मागं टाक," ओरेस्ट म्हणाला.

"न्हाई," स्टेफा दारातून म्हणाली. "त्याला मुका मार लागलाय. जरा शेकू दे त्याला. तुमी बसा मागं."

ओरेस्ट फावडं मांडीवर घेऊन मागं बसला. मागची सीट गरम होत नव्हती.