आवडाबाईंचे साठ टक्के

"साठ टक्के पडले तर बाजारातली जागा तुझी. नाय पडले तर कायमची भागीरथी बसेल," असं चंदूने पाटीवर खडूने लिहून आईसमोर धरलं, तेव्हा आवडाबाईंनी पाटी हिसकावून घेतली आणि पदराने खसाखसा पुसून टाकली.

"तोंडानं बोल. मशीन कशाला बसवलीय मंग?"

चंदूने खडू खिशात टाकला. चार वर्षं आईशी पाटीवर बोलायची सवय झाली होती, ती सुटता सुटत नव्हती.

चार वर्षांपूर्वी मेंदूज्वराच्या दुखण्यातून आवडाबाई उठल्या, पण कान काही उठले नाहीत. ठाण्याच्या मासळीबाजारातली सासूच्या वेळेपासूनची बसायची जागा. तिथे त्या गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून धंदा करू लागल्या. एकदा एका गृहस्थाने बोंबलाचा भाव विचारला. आवडाबाईंना वाटलं, बोंबील शिळे आहेत म्हणतोय. पुढे जे झालं ते सोडवायला हवालदार यावा लागला. तेव्हापासून चंदूने आईला घरी बसवलं; जागेवर आपल्या मावसबहिणीला, म्हणजे भागीरथीला, बसवायचं त्याच्या मनात होतं. मग सत्त्याण्णव साली कानामागे ऑपरेशन झालं, आत तारा गेल्या. बाहेर लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी एक चकती आणि कमरेला डबी आली. आता फक्त ऐकण्याची परीक्षा उरली होती. साठ टक्क्यांची अट डॉक्टरांची नव्हती, चंदूची होती. साठ म्हणजे फर्स्ट क्लास, एवढंच त्याला ठाऊक. स्वतः तो मॅट्रिकला एक्केचाळीसवर सुटला होता, ही गोष्ट घरात कुणी काढत नसे.

परीक्षा घेणार होत्या नीलाताई. राहायला डोंबिवलीला, नुकत्याच पास होऊन ठाण्याच्या इस्पितळात लागलेल्या आणि नियमाला एकदम पक्क्या. चंदूला त्यांनी बाहेर बसवलं, आवडाबाईंना बंद खोलीत घेतलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून स्वतःच्या तोंडासमोर पुठ्ठा धरला.

"आवडाबाई, मी एक शब्द म्हणेन. ऐकू येईल तसाच्या तसा परत म्हणायचा. घोडा."

"घोरा," आवडाबाई ठणकावून म्हणाल्या.

नीलाताईंनी फुली मारली. "भात."

"भात."

बरोबर. "गाडी."

"गारी."

फुली. "शाळा."

"साला!"

नीलाताई दचकल्या. पुठ्ठ्याच्या वरून त्यांनी एकदा पाहिलं आणि मग फुली जरा जोरातच मारली. वीस शब्द संपले तेव्हा सात बरोबर आले होते. पस्तीस टक्के.

"मना सगला आयकू आयला," आवडाबाई बाहेर येऊन म्हणाल्या. चंदूने नुसता कागद दाखवला. आकड्यापुढे आईचं काय चालणार?

पण आवडाबाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. नीलाताईंनी आठवड्याने पुन्हा परीक्षा ठेवली होती; घरी आल्या आल्या आवडाबाईंचा सराव सुरू झाला. नवऱ्याला, गोमाजीला, त्यांनी समोर बसवलं आणि तोंडासमोर सूप धरायला लावलं.

"घोरा," गोमाजी सुपाआडून म्हणाला.

"घोरा!"

"सारी."

"सारी!"

वीसपैकी वीस. गोमाजी खूश, आवडाबाई त्याहून खूश. दोन दिवसांत सगळ्या कोळीवाड्याला नाद लागला. शेजारीण जाळ्याआडून बोलू लागली, पोस्टमन पाकिटाआडून बोलू लागला. बसमध्ये कंडक्टरने "पुढे सरका" म्हटल्यावर आवडाबाईंनी त्याला दम भरला, "तोंडावर हात ठेव नि मंग बोल." आठवड्याभरात त्यांच्या हातून एकही शब्द सुटला नाही. दुसऱ्या परीक्षेला त्या नवी चोळी घालून गेल्या आणि प्रत्येक शब्द असा दणक्यात म्हणाल्या की शेजारच्या खोलीतला पेशंट उत्तरं देऊ लागला.

तीस टक्के.

नीलाताईंना रडूच यायचं बाकी राहिलं. आपलंच काही चुकतंय असं वाटून त्यांनी डबीतला आवाज वाढवला. त्या दिवशी आवडाबाईंना गोमाजीचं भाकरी चावणंसुद्धा असह्य झालं. त्यांनी त्याला ताट घेऊन ओट्यावर पाठवलं. तिकडे चंदूने भागीरथीला सोमवारपासून बसायला सांगून टाकलं. आवडाबाईंनी ते ऐकलं. भिंतीपलीकडून ऐकलं, आणि तरी त्या नापासच होत्या! त्या रात्रभर कुशीवर वळत राहिल्या. सकाळी उठून, कुणालाही न सांगता, एकट्याच इस्पितळात जाऊन उभ्या राहिल्या.

"कागूद दाखव."

"आवडाबाई, तो ऑफिसचा कागद..."

"मी दुसरीपर्यंत शिकलेली हाय. दाखव!"

नीलाताईंनी कागद दिला. आवडाबाई बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. "घो... डा. घोरा! मी घोराच बोलली. मंग फुली कशाला?"

"अहो, तुम्ही घोरा म्हणालात. शब्द घोडा आहे."

"त्येच तं बोलतंय मी. घोरा!"

नीलाताई हताश झाल्या. आवडाबाईंनी एक क्षण विचार केला. मग टेबलावरचा पुठ्ठा उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"आता तू लिव. धा शब्द. होरी."

नियमाच्या पक्क्या नीलाताईंना परीक्षा म्हटल्यावर नाही म्हणता येईना. त्यांनी लिहिलं, होळी.

"गल."

गाल, नीलाताईंनी लिहिलं.

"काला."

त्यांनी गोपाळकाला लिहिला.

"खारी."

हा तर सोपाच होता. खारी.

दहा झाल्यावर आवडाबाईंनी वही ओढली आणि बोट ठेवत वाचू लागल्या. "होली? अगं बाय, होरी! मासं पकराला जातंव ती. गल म्हंजे ज्याला मासा लागतो तो. काला म्हंजे कावल्यासारखा काला. नि खारी... खारी बरोबर लिवलीस."

"हो ना?" नीलाताईंना जरा धीर आला. "बेकरीत मिळते ती."

आवडाबाईंनी कपाळावर हात मारला. "चायमदी बुरवतान ती नाय! आमच्या घराच्या मागं हाय ती. भरती येते तिला!"

नीलाताईंचं पेन थांबलं. "खाडी?"

"खारी!"

नीलाताईंनी खारी खोडून खाडी लिहिलं, मग वर होळीच्या जागी होडी. आवडाबाईंनी पेन घेतलं, सात फुल्या मारल्या आणि गंभीरपणे निकाल सांगितला, "तीस टक्के. बाय, तुझ्या कानामागं पन मशीन बसवाला पायजे."

नीलाताई आधी लाल झाल्या, मग हसत सुटल्या, आणि मग त्यांना खरोखरच वाईट वाटलं. दोन वेळा या बाईला आपण नापास केलं ते कानांसाठी नव्हे, जिभेसाठी! त्यांनी डबीतला आवाज पहिल्यासारखा केला, शब्दांची नवी यादी घेतली आणि परीक्षा पुन्हा घेतली. या खेपेला साडीला सारी आणि शाळेला साला बिनदिक्कत मान्य होतं. वीसपैकी अठरा. नव्वद टक्क्यांचा कागद त्यांनी स्वतः सही करून दिला. चंदूने तो तीनदा वाचला आणि मुकाट्याने भागीरथीला निरोप पाठवला.

पुढच्या रविवारी नीलाताई मुद्दाम बाजारात गेल्या. आवडाबाई आपल्या जागेवर ऐसपैस बसल्या होत्या, कानामागे चकती, कमरेला डबी. पाठीमागे कुणीतरी सुरमईचा भाव विचारला तर मान न वळवता उत्तर देत होत्या. नीलाताईंना भरून आलं. त्यांनी चार पापलेटं निवडली, भाव ऐकला आणि लाडात येऊन म्हणाल्या, "मावशी, जरा कमी करा ना."

आवडाबाईंनी शांतपणे कानामागची चकती काढून मांडीवर ठेवली.

"बाय, मना आयकाला येत नाय."

"अहो, मीच तुम्हाला नव्वद टक्के दिलेत!"

आता हिचे ओठ वाचता येऊ नयेत, म्हणून आवडाबाईंनी डोळेही मिटून घेतले.