पद : बर्फावरील बचावपटू

माणूस काय काम करतो हे त्याच्या हातापायांना विचारू नये; ती मंडळी उगाच खरं बोलून बसतात. कागदाला विचारावं. आखातात तर माणूस आधी कागदावर उतरतो आणि मग विमानतळावर, आणि दोघांचं जुळलं नाही तर चूक विमानतळावर उतरलेल्याची धरतात. ही पद्धत अत्यंत न्याय्य आहे. माणसं आजारी पडतात, गावाला जातात, बायकोच्या आठवणीने रडतात. कागद यातलं काहीही करत नाही.

मंडणगड तालुक्यातला सुदेश शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका फ्रोझन फूड कंपनीच्या गेटवर नऊ वर्षं वॉचमन होता. कंपनी वाटाणे आणि कोंबड्या गोठवी. थंडीत एवढं नाव काढल्यावर मालकांना, म्हणजे अरबाबांना, वाटलं की आपली आइस हॉकीची टीमही असावी. वाटाणा उणे अठरा अंशांत दोन वर्षं टिकतो, मग खेळाडू का टिकू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. (वाटाण्याला घोट्याचं हाड नसतं, हा मुद्दा मीटिंगमध्ये कोणी काढला नाही.)

त्याच महिन्यात सुदेशचा व्हिसा नव्याने काढायचा होता. कंपनीच्या कोट्यात वॉचमनची जागा उरली नव्हती. ‘आइस हॉकी बचावपटू, व्यावसायिक’ अशी एक जागा मात्र रिकामी होती. सरकारी कागदांची कामं बघणारे पीआरओ खैरुद्दीन यांनी करक, म्हणजे कडक दुधाळ, चहाचा एक कप संपेपर्यंत विचार केला.

“देख भाई,” ते म्हणाले, “वॉचमन क्या करता है? अंदर आने नहीं देता. डिफेन्समन क्या करता है? अंदर आने नहीं देता. खलास!”

यात चूक काढून दाखवावी. मोठमोठ्या विद्यापीठांत याहून कच्च्या युक्तिवादावर डॉक्टरेट मिळते.

सुदेशने मुकाट सही केली, त्यालाही कारण होतं. कंपनीच्या नियमाप्रमाणे वॉचमनला खाट मिळते आणि खेळाडूला बिऱ्हाड. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यातले बायकोबरोबर, म्हणजे दर्शनाबरोबर, काढलेले दिवस एकूण दोनशे एकतीस (पैकी चौदा पाहुण्यांत, तेरा चुलत्याच्या दिवसकार्यात आणि तीन रुसव्यात). मुलगी ईश्वरी सात वर्षांची होती, आणि फोन वाजला की ‘बाबा वाजला’ म्हणायची. सुदेशला हे ऐकून हसू यायचं, आणि मग फोन ठेवल्यावर तो दिवसांचा हिशेब पुन्हा करायचा.

“म्हणजे नक्की काय झालात हो तुम्ही?” दर्शनाने फोनवर विचारलं.

“डिफेन्समन.”

“अगो बाई! मिल्ट्रीत?”

“नाही गं. बर्फावर.”

“मग स्वेटर पाठवू काय?”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुदेश डिफेन्समध्ये लागला, आणि त्याची नेमणूक दुबईच्या बर्फाळ सीमेवर आहे. (पलीकडे कुठला देश आहे, हे गावाने गोपनीयतेच्या कारणास्तव विचारलं नाही.)

इथवर सगळं कागदावर होतं म्हणून सुखरूप होतं. पण मोसमाच्या पहिल्याच सामन्याआधी टीमचा एक कॅनेडियन बचावपटू ‘इथे फार गरम होतं’ म्हणून निघून गेला. फिनलंडच्या प्रशिक्षकांनी यादी बघितली. यादीत अजून एक बचावपटू होता. “हा कुठे आहे?” त्यांनी एचआर मॅनेजर गुणवंत यांना विचारलं.

गुणवंत हे पुण्याचे, मुक्काम बर दुबईतलं अल मनखूल. कोणत्याही प्रश्नावर ‘मी बघतो’ असं म्हणून तो प्रश्न कायमचा न बघण्याची कला त्यांनी बारा वर्षांच्या अनुभवाने कमावली होती. या वेळी मात्र त्यांनी कॉम्प्युटरमध्ये खरंच बघितलं. “गेटवर,” ते म्हणाले.

“उत्तम,” प्रशिक्षक म्हणाले. “त्याने तिथेच उभं राहायला हवं.”

दोन तासांत सुदेश एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर उभा होता. अंगावर बावीस किलोचं चिलखत, पायात पात्यांचे बूट, हातात काठी. काठी ओळखीची होती, तेवढाच आधार. इतर खेळाडू सरसर घसरत होते. सुदेशने गोलचा खांब पकडला आणि पुढची वीस मिनिटं सोडला नाही. बारा-बारा तास एका जागी उभं राहण्याचा नऊ वर्षांचा अनुभव टीममध्ये दुसऱ्या कोणाकडेही नव्हता.

तेवढ्यात समोरून एक दांडगा रशियन पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, ढकलत सुसाट अंगावर आला. आता मेलोच, असं सुदेशला वाटलं. पण सवय ती सवय. त्याचा डावा हात आपसूक वर गेला आणि तोंडातून निघालं, “ओ भाईसाब, किधर? पास? पास!”

रशियनाने बिचाऱ्याने आज्ञाधारकपणे पास दिला. समोर कोण आहे हे बघायच्या आधीच पक सुदेशच्या टीमकडे गेला होता. मैदानात टाळ्या पडल्या, प्रशिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या मोसमात सुदेशने एकशे बारा माणसांना अडवलं. त्यातले एकोणसत्तर पास मागून, एकतीस आपटून आणि बाकीचे ‘साब अभी मीटिंग में है’ असं सांगून. मध्यंतरात तो प्रत्येकाचा जर्सी नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि येण्याचं प्रयोजन वहीत लिहून ठेवी. प्रयोजनाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘गोल’ असं होतं. एका ठिकाणी ‘मारामारी’, त्यापुढे ‘झाली’.

कमाईही भरीव झाली. दोन दात, एक बरगडी, अंगठ्याचं एक नख. “व्हिडिओ कॉलवर हसू नका,” दर्शनाने बजावलं, “पोर घाबरते.” पण सुदेशला खरा आनंद झाला तो नियमभंगाबद्दल शिक्षा झाली तेव्हा. शिक्षा झालेल्या खेळाडूला दोन मिनिटं काचेच्या केबिनमध्ये बसवतात. आत बाक असतो, पाणी असतं. वॉचमनसाठी केबिन द्यावी असा अर्ज तो नऊ वर्षं करत होता, आणि शेवटी ती मिळाली. पुढे पुढे तो पंचाला हात जोडून शिक्षा मागू लागला.

या सगळ्या काळात कंपनीच्या गेटवर कोण होतं, असा प्रश्न विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. (कोणीही नव्हतं. साहेबलोक रोज त्या रिकाम्या खुर्चीसमोरून गाड्या आत नेत होते. तीन जण तर सवयीने हातही करत.)

मोसम संपला आणि बिऱ्हाडाचा अर्ज गुणवंतांच्या टेबलावर आला. पहिलाच रकाना: ‘खेळाडूचे पूर्ण नाव’. गुणवंत थबकले. हजेरीपटावर नऊ वर्षं ‘सुदेश वॉचमन’ असंच होतं. हॉकीत जर्सीच्या पाठीवर आडनाव छापतात, तिथेही ‘वॉचमन’च छापलं होतं, आणि प्रेक्षक ‘वॉचमन, वॉचमन’ म्हणून ओरडत. पासपोर्टची झेरॉक्स मागच्या कपाटात होती, तीन पावलांवर. गुणवंतांच्या खुर्चीला चाकं होती. तरीही ते उठले नाहीत, घसरलेही नाहीत. निर्णयक्षमता म्हणतात ती हीच. बिऱ्हाड ‘श्री. सुदेश वॉचमन व कुटुंब’ यांच्या नावे मंजूर झालं.

विमान दुपारी उतरलं. दर्शना दोन बॅगा, कोकमाची बरणी आणि स्वेटर घेऊन बाहेर आली. ईश्वरीने आईच्या पदराआडून सुदेशकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हाच काय?” बाप्यामाणूस असून सुदेशचे डोळे भरले. टॅक्सीत तो तिच्याशी तोंड मिटूनच बोलला, दातांमुळे.

इमारतीच्या ऑफिसात मात्र गाडी अडली. पत्र वॉचमन यांच्या नावाचं, ओळखपत्र भलत्याच नावाचं. ‘मिस्टर वॉचमन यांना आणा, किल्ली घेऊन जा,’ असं सांगून ऑफिसातला माणूस किल्ली गेटवर ठेवून जेवायला गेला. सुदेशने गुणवंतांना फोन लावला.

“आज सुट्टी आहे रे,” गुणवंत म्हणाले. “रविवारी नको, सोमवारी. मी बघतो. इन्शाल्ला.”

एकशे बारा माणसांना अडवणारा बचावपटू बायकोमुलीला घेऊन बाहेरच्या पायरीवर उभा राहिला. ऊन बेचाळीस अंशांवर होतं. दर्शनाने नुसता पदर पोरीच्या डोक्यावर धरला. सुदेशला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. खेळाडूला मिळालेलं बिऱ्हाड वॉचमनच्या नावामुळे जात होतं, आणि परतीचं तिकीट काढायची अक्कल तेवढी त्याला सुचत होती.

इमारतीच्या गेटवर हारुन म्हणून एक म्हातारा वॉचमन होता. तो उठला, त्याने स्वतःची खुर्ची दर्शनाला दिली, पोरीला पाणी दिलं आणि सुदेशच्या हातातलं पत्र घेऊन चष्म्याच्या वरून वाचलं.

“सुदेश वॉचमन,” तो म्हणाला. “अरे, वॉचमन तो मैं हूँ. तुम कौन हो?”

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मग सुदेशने आपलं आडनाव सांगितलं. हारुनने ते नीट ऐकलं, कळलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, एकेक अक्षर जुळवत रजिस्टरात लिहिलं, ओळखपत्राशी ताडून बघितलं आणि किल्ली दिली.

तेच आडनाव वर कुठेही आलेलं नाही. पीआरओचा हुद्दा, रशियनाचा वेग आणि वाटाण्याचं तापमानसुद्धा आलं. आपण इथपर्यंत हसत हसत आलात, आणि आपणही विचारलं नाहीत.