बाईंच्या सतरंजीवर पुंड कैसे बसले त्याचे वर्तमान

श्री शारदा प्रसन्न. कोरे पाटीवर पहिली रेघ देवाची, ती येथे ओढिली. दुसरी रेघ त्या राज्याची, ज्याचे नाव नकाशावर नाही, ज्यास तट नाहीत की बुरूज नाहीत, दोन खोल्या, एक ओटा, एक कडुनिंब आणि एक पाण्याचा रांजण इतकाच ज्याचा मुलूख. त्या राज्याच्या धनीण सुमित्राबाईसाहेब, चौथीच्या बाई, यांचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही.

शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार. ते दिवशी विशेष काही जाहले नाही. बाईसाहेब ऐंशीच्या घरात, नोकरीतून मोकळ्या होऊन बहुत वर्षे लोटलेली, यजमान त्याहून आधी कैलासवासी जाहलेले, आणि कन्या वैजयंतीबाई, वय पन्नाशीस टेकले, परगावी कॉलेजात ग्रंथांचे भांडार सांभाळणाऱ्या, त्या दोन दिवसांकरिता माहेरी आलेल्या. मायलेकी मेथी निवडावयास बसल्या, आणि मग बाईसाहेबांनी फोन कानास लाविला. पलीकडे राजश्री खंडेराव, एस.टी. डेपोत बसून गाड्या वेळेवर सोडणारे, दोन नातवंडांचे आजोबा.

“खंड्या, साखर तपासलीस का?”

“तपासतो, बाई.”

“तपासतो नाही. तपासली म्हण. खोटं बोलायचं तर नीट बोल.”

“तपासली, बाई.”

“गाढवा, आत्ताच तर म्हणालास तपासतो!”

ऐसे दटावून फोन ठेविला आणि गालात हसू लागल्या. वैजयंतीबाईंनी मेथीवरून मान वर न करितां म्हटले, “माझी साखर कधी विचारली नाहीस ती?” बाईसाहेब म्हणाल्या, “तुला काय झालंय? तुझी मला कधी काळजीच नव्हती बघ.” हे त्या कौतुकानेच बोलल्या, यात संशय नाही. मग मेथीची भाजी जाहली, भाकरी जाहल्या, बाईसाहेबांनी कन्येस वाढिले, आपण हाती भाकरी घेऊन ओट्याशी उभ्यानेच खाल्ली, आणि तो दिवस गेला. दुसरे दिवशी प्रातःकाळी स्नान करून वेणी घालावयास बसल्या आणि अर्धी वेणी हाती असतां मान भिंतीस टेकविली. कन्या चहा घेऊन आली तों राज्य संपले होते.

मग वार्ता पसरली आणि पुंड जमा होऊ लागले. डेपोतून खंडेराव आले, तालुक्याच्या दवाखान्यातून हौसाबाई नर्स आल्या, कोणी ट्रॅक्टरवरून आले, कोणी विमानातून आले, आणि मिशा पांढऱ्या जाहलेले गडी ओसरीवर बसून लेकरांसारखे रडले. शेजारच्या वहिनी पुसू लागल्या, “हे सगळे बाईंचे हुशार विद्यार्थी का हो?” तों हौसाबाई डोळे पुशीत वदल्या, “न्हाई वो वैनी, हुशार कुटलं! आमी समदी वाया गेलेली.” हे बोल कळण्यास मागील वर्तमान सांगणे प्राप्त आहे.

शके १९०५च्या सुमारास राज्याचा, म्हणजे शाळेचा, अंमल हेडगुरुजींचा होता आणि त्यांची दंडनीती जुनी. निरगुडीची छडी, अंगठे धरणे, कोंबडा होणे, भर उन्हात झेंड्याच्या खांबाशी उभे राहणे. याणे पुंडावा मोडला नाही, उलट बळावला. जो अधिक छड्या खाई तो ओढ्याकाठी अधिक मान पावे, आणि पोरे तळहाताचे वळ एकमेकांस शिलेदाराने तलवारीच्या जखमा दाखवाव्या तैसे दाखवीत. मग सुमित्राबाईसाहेबांनी चौथीचा कारभार हाती घेतला आणि मनाशी मसलत केली की, पूर्वी थोर राज्यांत बंडखोर मोडून मोडेना तर त्यास मुलूख तोडून देत आणि चाकरीस ठेवीत. तोच मार्ग येथे धरावा. खंड्या म्हणजे खंडेराव, शाळेस दांडी मारण्यात अग्रगण्य, त्यास हजेरीची मनसब दिधली: रोज सकाळी गावात फिरून गैरहजर पोरे धरून आणावी. तो सगळ्या लपण्याच्या जागा जाणत होता, सबब एकही गडी सुटेना. हौसा नावाची पोर चावरी, तीस रांजणाची किल्लेदारी दिधली: ओळ मोडून पाणी पिईल त्याचा बंदोबस्त करावा, मात्र दातांनी नव्हे. पोरीने विचारिले, “मग कशानं, बाई?” बाईसाहेब म्हणाल्या, “नुसती बघ त्याच्याकडे. पुरे होईल.” आणि पुरे जाहले.

परंतु सर्वांत थोर शिक्षा म्हणजे सतरंजी. मधल्या सुट्टीत बाईसाहेब कडुनिंबाखाली निळी-तांबडी सतरंजी अंथरीत, आणि ज्याणे त्या दिवशी मोठा गुन्हा केला त्यास खेळावयास न सोडितां आपल्या उजव्या हातास बसवीत, आणि आपला डबा मध्ये ठेवून अर्धा त्यास देत. दटावीत नसत. कोठे राहतोस, काल रात्री काय जेवलास, म्हैस व्याली का, बा दारू पिऊन मारतो का, ऐसे पुशीत, आणि पोर घास घेता घेता सांगे. वर लिंबोळ्या पिकलेल्या, साळुंक्यांचा कलकलाट, पलीकडे मुलींचा लगोरीचा डाव, आणि त्या सावलीत गुन्हेगार सुलतानासारखा मांडी घालून बसे. खेळणारी पोरे डाव सोडून त्याजकडे पाहात. हेडगुरुजींस हे रुचले नाही, आणि एके दिवशी चौथीच्या दारात येऊन बोलते जाहले.

“बाई, हे काय चालवलंय? छडी खायची ती पोरं पोळी खातायत. उद्या सगळी शाळा दंगा करील.”

“करू दे की. मी दोन भाकऱ्या जास्त आणीन.”

“आणि जी शहाणी आहेत त्यांनी काय करायचं?”

“त्यांना मी कशाला लागते, गुरुजी?”

ऐसे म्हणून हसल्या. फळ्यामागे फडके झटकीत कन्या वैजयंती, वय नऊ, उभी होती, तिणे हे ऐकिले. ती त्याच वर्गात होती. पाढे एकोणतीसपर्यंत मुखोद्गत, नखे कापलेली, पाटी पुसलेली, रिबिनी सुटलेल्या कधी कोणी पाहिल्या नाहीत, ऐसी इमानी रयत दुसरी नव्हती. शाळेत तीस ‘आई’ म्हणण्याची परवानगी नसे. एकदा चुकून म्हटले तों वर्ग हसला आणि बाईसाहेबांनी समजाविले, “इथे मी सगळ्यांची. घरी तुझी.” परंतु घरी गेल्यावर बाईसाहेब चूल पाहात, पाणी भरीत, सासूबाईंचे पाय चेपीत, वह्या तपाशीत, आणि जेवावयास म्हणून कधी बसत नसत. आणि जे बोलणे होई ते खंड्याचे आणि हौसाचे. सबब त्या माउलीस निवांत बसून जेविताना पाहावे तर ते एका सतरंजीवरच, आणि तेथे जागा मिळण्यास गुन्हा पाहिजे. वैजयंतीस खेळणे नको होते, शाबासकी नको होती, त्या उजव्या हाताशी एकदा बसावे इतकेच हवे होते. आणि डबा तर रोज सकाळी तीच भरीत असे, तीन भाकऱ्या आपल्या हाताने फडक्यात बांधी, आणि तिसरी कोणाच्या पोटी जाणार हे दुपारी दुरून पाही.

मग तिणे मनसुबा रचिला. तपासणीचे साहेब येणार होते, बाईसाहेबांनी शहरातून रंगीत खडू मुद्दाम आणविले होते, हिरवे, गुलाबी, पिवळे, आणि फळ्यावर नदीचा उगम काढून दाखवावयाचा होता. सकाळी सर्वांआधी येऊन वैजयंतीने रांजणातील तांब्याभर पाणी खडूंच्या खोक्यात ओतिले. त्या दिवशी डब्यात गुळपोळी होती, तीही तिणेच बांधली होती. मग साहेब आले, पोरे उठून उभी राहिली, बाईसाहेबांनी खोके उघडिले, आणि आत सारे रंग मिळून चिखल. “कोणी केलं?” ऐसा प्रश्न येतांच वैजयंती उठली आणि स्पष्ट बोलली, “बाई, मी केलं.”

बाईसाहेबांनी तिजकडे पाहिले, आणि त्यांच्या मुखावर क्रोध न येतां माया आली. म्हणाल्या, “वैजू, खाली बस. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊ नये.”

“नाही बाई, खरंच मी—”

“खाली बस म्हटलं ना.”

तों मागील रांगेतून खंडेराव उठले, सदऱ्याची बटणे तुटलेली, केसांत गवत, आणि छाती काढून म्हणाले, “म्याच केलं, बाई. ती उगंच म्हनती.” वर्गाने मोठा निःश्वास टाकिला, कारण जगाची घडी पुन्हा बसली. तपासणीचे साहेब बहुत संतोष पावले, म्हणाले, “बाई, मुलगी रत्न आहे. हिच्यासाठी टाळ्या वाजवा रे.” वर्गाने टाळ्या पिटल्या, साहेबांनी खिशातील मागे रबर असलेली पेन्सिल शिरपाव म्हणून दिधली, आणि मधल्या सुट्टीत खंडेराव सतरंजीवर बसले. पेन्सिल हाती घेऊन वैजयंती ओट्यावर बसून पाहात होती. गुळपोळीवर तूप होते. बाईसाहेबांनी आपल्या वाटणीचीही खंडेरावास दिधली आणि पदराने त्याच्या केसांतील गवत काढिले.

शाळा सुटल्यावर तिणे त्यास रस्त्यात गाठिले.

“खंड्या, तू खोटं का बोललास?”

“गुळपोळी हुती ना? सकाळधरनं वास येत हुता. आमची आय ऊस तोडायला गेलीया, दिवाळीपस्नं चूलच न्हाई धड.”

“पण मी केलं होतं!”

“तू? ह्या! तुला जमतंय व्हय?”

ऐसे म्हणून तो पळाला, आणि तीस रागावावयासही जागा राहिली नाही, कारण भुकेल्यावर रागावणे हे शहाण्या मुलीस शोभत नाही. मग तिणे पुनः गुन्हा केला नाही. पहिली आली, शिष्यवृत्ती मिळविली, परगावी गेली, उदंड ग्रंथ वाचिले, आणि दर दिवाळीस येऊन खंडेरावाची साखर आणि हौसाच्या सुनेचे बाळंतपण यांची हकीकत ऐकत राहिली. बाईसाहेबांवर तिची माया होती, बाईसाहेबांची तिजवर होती, भांडण म्हणून कधी जाहले नाही. भांडणास काही कारण असावे लागते, आणि तिचे कारण ऐसे की ते सांगावयास लाज वाटे. पन्नाशीच्या बाईने आईस काय म्हणावे, की मला सतरंजीवर बसविले नाही?

आता तेराव्या दिवसाचे वर्तमान. गोडाचे जेवण होते, ओसरीत पंगत बसली, आणि पुंड एकमेकांची चेष्टा करू लागले. कोणी म्हणे, “मी चार येळा बसलोय बाईंच्या शेजारी.” कोणी म्हणे, “चार? आरं, मी दर सोमवारी!” हौसाबाई म्हणाल्या, “गप रं, तुला तर बाईंनी भाकरी दिली का चटनी, ते बी आटवत न्हाई.” हसता हसता डोळे भरून येत आणि भरल्या डोळ्यांनी पुनः हसत. वैजयंतीबाई मठ्ठा वाढीत होत्या आणि हे सारे ऐकत होत्या. मठ्ठा संपला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, तों मागोमाग खंडेराव पातेले उचलण्याच्या मिषाने आले आणि दारातच उभे राहिले.

“वैजूताई, एक बोलू? ते खडू तूच भिजवलेलेस.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं तुला.”

“तवा पटलं न्हाई. मागनं पटलं. पोरं झाल्यावर पटलं.” मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “म्या बाईस्नी सांगितलं. औंदा, आखाडात.”

वैजयंतीबाईंच्या हातची पळी थांबली. “काय म्हणाली?”

“आधी म्हनाल्या, मग तिनं मला सांगितलं का नाही? म्या म्हनलं, सांगितलं की बाई, भर वर्गात सांगितलं. तुमीच खाली बस म्हनला.”

“मग?”

“मग कायच न्हाई. लई येळ चष्मा पुशीत बसल्या. आन् म्हनाल्या, दिवाळीला येईल तवा इचारते तिला.” मग खंडेरावांनी पुसिले, “इचारलं का?”

“नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. दिवाळीस त्या आल्या होत्या. पाडव्यास बाईसाहेब दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि ‘काही नाही, झोप’ म्हणून परत गेल्या, हे त्यांस आता स्मरले. विचारणे धनिणीस जमले नाही आणि सांगणे रयतेस जमले नाही, आणि मध्ये कार्तिक वद्य षष्ठी आली.

ओसरीतून हाक आली, “मठ्ठा येतोय का न्हाई?” खंडेराव ओरडले, “येतोय रं, जरा दम धर!” परंतु ते हलले नाहीत.

एकंदर विचार पाहता राज्य उत्तम चालले. छडीने जे साधले नाही ते अर्ध्या भाकरीने साधले, पुंड माणसांत आले, कोणाच्या गाड्या वेळेवर सुटतात, कोणाच्या हाताने रोग्यांस औषध मिळते, आणि धनिणीच्या नावाने आज जी पंगत उठली तैसी भल्याभल्यांच्या नशिबी येत नाही. शहाण्यांचा हिशेब तेवढा कोणी मागितला नाही, कारण ती मागत नाहीत. याउपर लिहिण्यासारखे इतकेच राहिले की, वैजयंतीबाईंनी पळी पातेल्यात ठेविली, पदरास हात पुसले, आणि खंडेराव समोर उभे असतां, ओसरीतील माणसे ऐकतील याची पर्वा न करितां, शाळेत ज्या शब्दाची मनाई होती तोच शब्द घेऊन मोठ्याने बोलत्या जाहल्या:

“आई, मी शहाणी नव्हते गं. तू हाक मारशील म्हणून गप्प बसले होते.”